ओळखीचा नमुना

दहा लाख डॉलरचं बक्षीस लागल्याचं पत्र जयवंत पालवांनी स्वतःच स्वतःला लिहिलं. इंग्रजीत, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. लिहून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते पुन्हा वाचलं, स्पेलिंगची एक चूक सुधारली, आणि शेजारच्या टेबलावर डिस्पॅचचे कागद लावत बसलेल्या ममताला विचारलं की हे खरं वाटतंय का.

ममता उठून आली आणि पडद्यावर वाकली.

"फार सरळ लिहिलंय साहेब. असं तर पोस्टमास्तर लिहितो. सगळी मोठी अक्षरं करा, अन् चार उद्गारचिन्हं ठोका. हे लोक ओरडतात ना."

पालवांनी उद्गारचिन्हं ठोकली. चूक सुधारलेलं स्पेलिंगही पुन्हा चुकवलं, कारण खऱ्या पत्रांत ते चुकलेलंच असे. मग पत्र पाठवलं, टेबलावरच्या वहीत 'नमुना क्र. ७, प्रकार: बक्षीस' अशी नोंद केली आणि ते पत्र आपल्याच पेटीत येतं की नाही याची वाट पाहत बसले.

पन्नाशी उलटलेला, राखोलीच्या सूत कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणारा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात येऊन असला उद्योग करतो, याचं पहिल्या दिवशी सगळ्यांना हसू आलं होतं. पण पालवांच्या कामाची रीत ठाऊक असणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. यंत्राने सांगितलेल्या आकड्यावर पालव कधी एकदम विश्वास ठेवत नसत. सुताची ताकद मोजायचं यंत्र रोज सकाळी सुरू झालं की आधी ते कपाटातली एक जुनी बॉबिन काढत. तिचं सूत किती ताणावर तुटतं ते त्यांना पाठ होतं. यंत्राने तोच आकडा दाखवला तरच दिवसाचं काम सुरू व्हायचं. त्या बॉबिनला ते ओळखीचा नमुना म्हणत. आता तपासायचं यंत्र म्हणजे ईमेलच्या पेटीतली चाळणी होती, एवढाच फरक.

चाळणीची गरज आदल्या रविवारच्या फोनमुळे पडली.

त्यांचा मुलगा अभिजीत मस्कतला एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात कामाला होता. घर सोडून गेल्याला अडीच वर्षं झाली होती. दर पंधरवड्याला रविवारी त्याचा सिल्व्हासाच्या घरी फोन यायचा. पालवांनी उचलला तर तो एवढंच विचारी, "आई आहे?" पालव "आहे" म्हणत, रिसीव्हर टीपॉयवर ठेवत आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत. कधीकधी ते सकाळीच घालून झालेलं असे, तरी घालत.

ऑगस्टात ममताने त्यांना फुकट मिळणारी एक ईमेलची पेटी काढून दिली होती. त्यांच्या पत्नी रजनीबाईंनी तो पत्ता फोनवरून अभिजीतला अक्षर-अक्षर सांगितला आणि जाता जाता म्हणाल्या, बाबांना लिही कधीतरी. तो "बघतो" म्हणाला होता. पालवांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी ते ऑफिसातल्या संगणकापुढे घालवू लागले. अभिजीतचं पत्र आलं नाही. त्याऐवजी पंधरा दिवसांत वजन उतरवणारे आले, घरबसल्या डॉलर कमवून देणारे आले, हे पत्र दहा जणांना न पाठवल्यास अनर्थ होईल म्हणणारे आले. परीक्षा न देता विद्यापीठाची पदवी देणाराही एक आला. ते पत्र पालवांनी शेवटपर्यंत वाचलं.

डिसेंबरात पाऊण आठवडा राखोलीची फोनलाइन बंद पडली. पेटी दोन एमबीची, ती या कचऱ्याने तुडुंब भरली. आणि त्याच आठवड्यात अभिजीतने लिहिलं.

रविवारी फोन ठेवून रजनीबाई बाल्कनीच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहून पालवांनी झारी खाली ठेवली.

"त्याने तुम्हाला पत्र लिहिलं होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "परत आलं त्याच्याकडे. पेटीत जागा नाही, असं आलं लिहून."

"लाइन बंद होती. सांग त्याला."

"सांगितलं मी. तो हसला. म्हणाला, आई, बाबांकडे जागा नाही हे संगणकालाही कळलं."

रजनीबाईंनी पुढे सांगितलं. त्याने ते पत्र पुसून टाकलं होतं, त्यात काय होतं ते सांगितलं नाही, आणि परत लिहीन की नाही बघतो म्हणाला. म्हणजे फार तर एकदा तो अजून लिहील, हे दोघांनाही कळलं. अभिजीत आईवर गेला असता तर दहादा लिहिलं असतं. तो बापावर गेला होता.

म्हणून चाळणी.

त्या फुकटच्या पेटीत नियम घालायची सोय होती. अमुक शब्द असेल तर पत्र परस्पर नष्ट कर, म्हणजे जागा अडणार नाही. पालवांनी आधी विचारलं की अभिजीतच्या पत्त्यावरून येईल ते मात्र राहू दे असं सांगता येईल का. ममताने अर्धा तास शोधून पाहिलं आणि मान हलवली. ती पेटी फक्त नाकारू शकत होती.

मग त्यांनी कचऱ्याच्या साऱ्या पत्रांची छाननी केली, पुन्हा पुन्हा येणारे शब्द वेचले आणि नियम घातले. फुकट, बक्षीस, डॉलर, तातडीचे, खात्रीशीर, ऑफर, सगळे इंग्रजीतून. मोठ्या अक्षरांसाठी एक नियम, ओळीने आलेल्या उद्गारचिन्हांसाठी एक. आणि चाळणी काम करते का ते पाहायला स्वतःच कचरा लिहून स्वतःला पाठवू लागले. बाविसाव्या नमुन्यापर्यंत त्यांना त्यात चांगली गती आली. एकविसाव्यात तर त्यांनी टक्कल घालवायचं तेल विकलं, आणि ममता हसून हसून पाणी प्यायला गेली.

बाविसच्या बावीस अडले. पालवांनी वहीत रेघ मारली आणि खाली 'चाळणी उत्तम' असं लिहिलं.

ममता शिरपूरकडची. नवरा याच कारखान्यात सूत पिळायच्या मशीनवर होता. बारावीनंतर सिल्व्हासात येऊन तिने संगणकाचा वर्ग केला होता. पालवांच्या वहीत डोकावून ती जरा घुटमळली.

"साहेब, तुम्ही फक्त खराब माल तपासी राहिले. चांगला कुठे पाठवला?"

पालवांचं पेन थांबलं. तीस वर्षांत नव्या केमिस्टला त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच होती. खराब माल सुटला तर गिऱ्हाईक ओरडत परत येतं, चूक उघडी पडते. चांगला माल अडवला तर तो गोदामात पडून राहतो आणि कुणालाच काही कळत नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याच्यासारखं पत्र पाठवून पाहायला हवं."

"मग त्याचंच नाव टाका ना. पत्ताबी त्याचाच." तिने ऑफिसच्या संगणकावर पाठवणाऱ्याची जागा दाखवली. तिथे काहीही लिहिलं तरी चालत होतं, कुणी विचारत नसे. पालवांना ते खोट्या सहीसारखं वाटलं. त्यांनी तसं म्हटलंही. ममताने खांदे उडवले. "नमुना खऱ्यासारखाच पाहिजे, हे कोण सांगतं रोज?"

तेव्हा अभिजीतचं नाव आणि मस्कतचा पत्ता घालून पालव बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नमुना तयार करता येईना. टक्कलवाल्याची भाषा त्यांना येत होती, मुलाची येत नव्हती. तो 'प्रिय बाबा' लिहील की नुसतं 'बाबा'? मराठीच लिहील, इंग्रजी अक्षरांत. पण 'तुमची आठवण येते' असं लिहील का? त्यांनी लिहिलं, मी चुकलो. लिहिलं, तुमचं म्हणणं खरं होतं, इंजिनिअरिंग सोडायला नको होतं. लिहिलं, एप्रिलमध्ये येतो. अशी चार पत्रं. चारही चाळणीतून अलगद खाली आली.

ममताने ती वाचली. वाचून झाल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, हे तुम्हाला पाहिजे तसं आहे. तो असं लिहील का?"

त्या दिवशी पालव शेवटच्या बसने घरी गेले नाहीत. ममता कागद आवरून गेली, वॉचमनने दिवे लावले, आणि ते नमुना क्रमांक सत्तावीस लिहू लागले. हा मुद्दाम अवघड नमुना होता. अभिजीत रागावलेला असेल तर काय लिहील?

सुरुवात अडखळत झाली. मग बोटं आपोआप चालायला लागली.

बाबा, त्या दिवशी मला हॉटेलच्या नोकरीचं पत्र आलं होतं. पहिली ऑफर. तुम्हाला दाखवायला आणलं तर तुम्ही वाचलं नाही, घडी न उलगडता टीपॉयवर ठेवलं. संध्याकाळी तुमच्या प्लँटचे साहेब, नारायणकाका, जेवायला होते. मी दुपारपासून पुलाव करत होतो. सगळे बसले तेव्हा तुम्ही म्हणालात, आता काय, घरातच वाढपी झालाय, वाढ रे, आधी साहेबांना वाढ. काका हसले. तुम्हीही हसलात. मी सगळ्यांना वाढलं. मी न जेवता पहाटेच्या गाडीने गेलो. तुम्ही जागे होता. खोलीत दिवा होता. बाहेर आला नाहीत. इंजिनिअरिंगला मी तुमच्यासाठी दोन वर्षं दिली, तुम्ही मला बस स्टँडपर्यंतची दहा मिनिटं दिली नाहीत!!!

उद्गारचिन्हं त्यांच्या हातून कशी पडली ते त्यांना कळलं नाही. पत्र पाठवून ते पेटी उघडून बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सत्तावीस आलं नाही. चाळणीने ते नष्ट केलं होतं. 'ऑफर' शब्दाने असेल, नाहीतर त्या तीन चिन्हांनी.

खरोखर अभिजीतने हे लिहिलं असतं तरी ते असंच गेलं असतं. कुणालाच काही कळलं नसतं.

पालवांनी 'ऑफर'चा नियम काढला आणि तेच पत्र पुन्हा पाठवलं. अडलं. उद्गारचिन्हांचा नियम काढला. या वेळी ते आलं. पेटीत सर्वांत वर, ठळक अक्षरांत अभिजीत पालव हे नाव. ते नाव त्यांनी स्वतःच दहा मिनिटांपूर्वी टाइप केलं होतं, तरी ते त्यांनी दोनदा वाचलं. त्यांनी पत्र उघडलं आणि कुणा दुसऱ्याचं वाचावं तसं वाचलं.

प्रयोगशाळेत एक शिस्त होती. गिऱ्हाईकाची तक्रार आली की उत्तर त्याच दिवशी जायचं. काय झालं, चूक कुणाची, पुढे काय करणार, तीन परिच्छेद. पालवांनी तीस वर्षांत एकही तक्रार रात्रभर टेबलावर ठेवली नव्हती. हे पत्र समोर उघडं टाकून त्यांना उठवेना. उत्तराचं बटण दाबून त्यांनी लिहिलं.

तक्रार मिळाली. तपासली. मान्य आहे.

मग दुसरा परिच्छेद. चूक माझी. नोकरीचं पत्र मी नंतर वाचलं, तू गेल्यावर. तुझ्या नावाचं स्पेलिंग त्यांनी बरोबर लिहिलं होतं, पगार कमी होता, हॉटेल चांगलं होतं. ते माझ्या कपाटात आहे. वाढपी म्हटलं ते साहेबांसमोर मला लाज वाटली म्हणून. लाज वाटावी असं तू काही केलं नव्हतंस. पहाटे मी दाराशी होतो. कडीला हात लावला होता.

तिसऱ्या परिच्छेदाला काही सुचेना. पुढे काय करणार? त्यांनी 'बाबा' एवढंच लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं. वहीत नोंद केली: नमुना क्र. तीस, प्रकार: उत्तर.

तीस आलं नाही.

पालवांनी आधी चाळणी तपासली. मग पुन्हा पेटी. आतापर्यंत पाठवलेलं प्रत्येक पत्र एक तर पेटीत आलं होतं किंवा कारण कळून अडलं होतं. हे दोन्हीकडे नव्हतं. शेवटी त्यांनी पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला आणि पत्ता वाचला. पाठवणाऱ्याच्या जागी ज्याचं नाव होतं, उत्तर त्याच्याकडे गेलं होतं. मस्कतला. खाली मूळ पत्र जसंच्या तसं जोडून.

त्यांनी ते परत घ्यायचं बटण शोधलं. तसं बटण नव्हतं. वॉचमन विचारायला आला, साहेब, बंद करू का. करा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ममताला त्यांनी सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"त्याला वाटणार, बाबांना वेड लागलं," पालव म्हणाले. "माझ्या नावाने स्वतःलाच शिव्या लिहितात."

"काय लिहिलंय उत्तरात?"

पालवांनी पेटी उघडून नियमांचं पान तिच्यापुढे केलं. त्यांनी चाळणीचे उरलेले सगळे नियम काढायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की पेटी दोन दिवसांत परत भरेल. पालव म्हणाले, भरू देणार नाही. तो कसा लिहील ते मला सांगता येत नाही, हे मी तपासून पाहिलंय. तेव्हा चाळणी नको. हाताने निवडतो.

त्या दिवसापासून पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी अर्धा तास ते ऑफिसात येऊ लागले. रोज तीस-चाळीस पत्रं. प्रत्येक उघडायचं, वाचायचं, मग पुसायचं. नाव परकं असलं तरी उघडायचं, न जाणो त्याने कुणा मित्राच्या संगणकावरून लिहिलं असेल. तांदूळ निवडावेत तसं ते चाललं होतं. ममता चहा आणून ठेवी आणि काही निघालं का विचारी. पालव म्हणत, तेलवाला आलाय. किंवा म्हणत, आज दोन बक्षिसं.

रविवार आला. फोन आला नाही. त्याची पाळी नव्हती, पंधरवडा पुरा व्हायचा होता, तरी पालव दुपारभर फोनच्या खोलीत पेपर वाचत होते. रजनीबाईंनी विचारलं, आज कुंड्या? पालवांनी तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, बक्षिसापासून मस्कतपर्यंत. रजनीबाई ऐकून घेत राहिल्या.

"दाराशी होता, ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्याला कुणी सांगायचं, तेवढंच राहिलं होतं."

नवव्या दिवशी, बत्तीस पत्रांत, चौदाव्या जागी ते होतं. वजन उतरवणाऱ्याच्या खाली आणि पदवीवाल्याच्या वर. विषयाची जागा कोरी होती.

बाबा, खालचं पत्र मी लिहिलेलं नाही. दोनदा वाचलं, मग मित्राला दाखवलं. तो म्हणाला कुणीतरी तुझ्या नावाने पाठवतंय, पासवर्ड बदल. पण यातलं दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मी लिहिलं असतं तर इतकं मुद्देसूद लिहिलं नसतं. म्हणजे तुम्हीच लिहिलंय. कशाला ते आईला विचारीन.

दोन चुका आहेत. मी न जेवता गेलो नाही. तुम्ही झोपायला गेल्यावर आईने ओट्याशी उभ्याउभ्या भरवलं. दुसरं, पुलाव खारट झाला होता. काकांनी अर्धा ताटात टाकला. तुम्ही सगळा खाल्लात, वर परत घेतलात, आणि खारट आहे म्हणाला नाहीत. नंतर रात्री तीनदा पाणी प्यायला उठलात. हे तुमच्या पत्रात नाही. ते मी मोजलं होतं.

पालवांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. ममता चहा घेऊन दारात आली होती. पडद्याकडे न पाहता, त्यांच्याकडे पाहूनच तिला कळलं. तिने कप टेबलाच्या लांबच्या कोपऱ्यावर ठेवला आणि डिस्पॅचचे कागद काढून पाठ करून बसली.

उत्तर लिहायला त्यांना बराच वेळ लागला. कडीचं लिहून झालं होतं. माफीचं लिहून झालं होतं. आता स्वतःच्या नावाने साधं काय लिहायचं, तेच सुचत नव्हतं. भोंगा झाला, पाळी सुरू झाली, प्रयोगशाळेतला शिपाई चिंधा बोलवायला येऊन गेला. शेवटी त्यांनी एक प्रश्न लिहिला, कारण प्रश्न त्यांना जमत. त्या पुलावात मीठ किती घालायला हवं होतं?

संध्याकाळी घरी रजनीबाईंना पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या की खारट तर होताच, मीही तेव्हा बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वीस पत्रं होती. या वेळी त्यांना निवडत जावं लागलं नाही; ते पहिलंच होतं. एकच ओळ.

किती माणसांसाठी?

पालवांनी खुर्ची पुढे ओढली. बाहेर रात्रपाळीचे लोक सायकली काढत होते, त्यांचा गलबला खिडकीतून येत होता. त्यांनी उत्तराचं बटण दाबलं. वर कुणाचा पत्ता आला आहे तो बोट ठेवून, एकेक अक्षर करत, शेवटपर्यंत वाचला. मग खाली लिहिलं, तीन.